'योलो' म्हणणारा उडी मारत नाही

शाळेच्या कुंपणाची भिंत साधारण आठ फूट उंच होती. तिच्यावर चढून बसलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा पलीकडच्या मातीच्या ढिगाकडे पाहत होता आणि खाली उभे असलेले त्याचे चार मित्र त्याच्याकडे पाहत होते. उडी मारावी की आल्या वाटेने खाली उतरावे, हे त्याचे अजून ठरत नव्हते. तेवढ्यात खालून एकाने 'योलो!', म्हणजे आयुष्य एकदाच मिळते, असे ओरडून मोबाईल वर धरला, बाकीच्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर तोच शब्द सुरू केला आणि मुलाने उडी मारली. गुडघा खरचटण्यापलीकडे त्याला काही झाले नाही. खिडकीतून हे सगळे पाहताना माझे लक्ष उडीपेक्षा एका साध्या गोष्टीकडे गेले. तो शब्द ओरडणाऱ्या चौघांपैकी कोणालाच उडी मारायची नव्हती, आणि ज्याने उडी मारली त्याने तो शब्द उच्चारलाच नव्हता.

मुलांच्या तोंडी बसलेल्या अशा परवलीच्या शब्दांमुळे मुले बिघडतात का, हा वाद जुना आहे आणि तो नेहमी एकाच वळणाने जातो. एक बाजू शब्दाच्या अर्थावर बोट ठेवते आणि म्हणते, की सतत 'आयुष्य एकदाच मिळते' असे घोकणारा मुलगा बेफिकीर होणारच. दुसरी बाजू म्हणते, की शब्दच तो, चार महिन्यांत विरून जाईल, त्याचा एवढा बाऊ कशाला? मला या दोन्ही बाजू चुकलेल्या वाटतात, कारण दोघीही शब्द आणि तो ऐकणारे एकटे मूल एवढेच पाहतात. भिंतीखाली उभे असलेले चौघे दोघींच्याही नजरेतून सुटतात.

आधी शब्दाची जन्मकथा. 'यू ओन्ली लिव्ह वन्स' या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांपासून झालेला 'योलो' हा शब्द तुरळक प्रमाणात पूर्वीपासून वापरात होता, परंतु ड्रेक या कॅनडाच्या रॅप गायकाच्या २०११ सालच्या एका गाण्यामुळे तो जगभरच्या किशोरांच्या तोंडी गेला. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डच्या अमेरिकी कोशकारांनी वर्षाच्या शब्दासाठी केलेल्या निवडयादीत तो होता आणि २०१६ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातही त्याला जागा मिळाली. त्यामागचा विचार मात्र अजिबात नवा नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात होरेस या रोमन कवीने आजचा दिवस वेचून घे, उद्यावर फार विसंबू नकोस, असे लिहिले होते. आपल्याकडे चार्वाकांच्या नावावर असलेले 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' तर कर्ज काढणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी ऐकवलेले असते.

पण या जुन्या वचनांत आणि नव्या शब्दात एक फरक आहे आणि माझ्या मते सगळा प्रश्न त्या फरकात आहे. चार्वाकांच्या श्लोकाला उत्तरार्ध आहे. 'भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः', म्हणजे जळून राख झालेला देह परत कोठून येणार, असे कारण तो श्लोक देतो. कारण दिले की ते खोडता येते आणि ते शतकानुशतके खोडले गेले आहे. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त चार्वाकमत सर्वांत आधी मांडले आहे आणि पुढच्याच प्रकरणात बौद्ध त्याचे खंडन करायला उभे राहतात. पूर्वपक्ष आहे म्हणून उत्तरपक्ष आहे. आपल्या म्हणींचेही असेच असते. 'शुभस्य शीघ्रम्' म्हणणाऱ्याला 'अति घाई संकटात नेई' हे उत्तर तयार असते. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असे म्हणून लोळत पडणाऱ्याला तर त्याच म्हणीने हसता येते, कारण त्या म्हणीतच त्याची खिल्ली आहे. 'योलो'ला उत्तरार्धही नाही आणि तोडीस तोड उलट शब्दही नाही. शिवाय येथे हसे होते ते शंका काढणाऱ्याचे.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी कम्युनिस्ट चीनमधल्या वैचारिक 'सुधारणे'तून, म्हणजे दडपणाखाली मते बदलायला लावणाऱ्या मोहिमेतून, गेलेल्या माणसांच्या मुलाखती घेऊन १९६१ साली जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांनी विचार थांबवणाऱ्या ठोकळेबाज वाक्प्रयोगांचे वर्णन केले आहे. गुंतागुंतीचा प्रश्न एका छोट्या, चटकन पाठ होणाऱ्या, ठाम शब्दसमूहात कोंबायचा, म्हणजे विचार जेथे सुरू व्हायचा तेथेच संपतो, असे त्यांचे निरीक्षण होते. हुकूमशाहीच्या संदर्भातली ही कल्पना शाळकरी मुलांना लावणे काहींना अतिशयोक्तीचे वाटेल. मुले कोणाच्या कैदेत नसतात आणि 'योलो'मागे कोणताही पक्ष नाही, हे मला मान्य आहे. तरीही काम तेच होते. भिंतीवरचा मुलगा मनातल्या मनात उंचीचा, ढिगाचा, घरी काय सांगायचे याचा हिशेब करत होता. तो हिशेब चुकला नाही, पुराही झाला नाही, फक्त मध्येच थांबवला गेला. मोठ्यांकडेही असे शब्द भरपूर आहेत. 'बघू पुढचे पुढे', 'होतं असं', 'सगळेच करतात' ही वाक्ये आपण दिवसातून किती वेळा वापरतो, हे मोजायला बसलो तर मुलांवर बोलायची सोय उरणार नाही.

शब्दाचा प्रभाव अर्थातून येतो, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांच्यासाठी अलीकडचे एक उदाहरण पुरेसे आहे. २०२५ साली डिक्शनरी डॉट कॉम या कोशाने वर्षाचा शब्द म्हणून 'सिक्स-सेव्हन' या जोडीची निवड केली. हा सदुसष्ट नव्हे, सहा आणि सात असे सुटे उच्चारायचे दोन आकडे. तेही एका रॅप गाण्यातून आले, बास्केटबॉलच्या चित्रफितींमधून पसरले आणि त्यांना ठरावीक असा कोणताही अर्थ नाही. अर्थ विचारणाऱ्याला तो कळलेला नाही, एवढाच त्यांचा अर्थ. तरीही गणिताच्या तासाला शिक्षकांनी सहज 'पान सहा-सात' म्हटले, की अख्खा वर्ग तळवे वर करून तराजूसारखे खालीवर हलवत ओरडू लागतो. अर्थशून्य शब्द तीस मुलांचे हात एकाच क्षणी वर करायला लावत असेल, तर वागण्यावर परिणाम करण्यासाठी शब्दाला अर्थ लागत नाही, हे मान्यच करावे लागेल. त्याला लागतो तो 'आपला' गट आणि बाहेरचे कोणीतरी. परवलीचा शब्द मुळात पहाऱ्यावरचा असतो आणि तो आत कोण आणि बाहेर कोण एवढेच ठरवतो. 'सिक्स-सेव्हन'मध्ये फक्त हा पहारा आहे आणि 'योलो'मध्ये पहाऱ्याबरोबर एक तयार सबबही आहे. म्हणूनच पहिला शब्द शिक्षकांचा तास खातो आणि दुसरा एखाद्या वेळी हाडे मोडतो.

गटाचे हे वजन प्रयोगातही दिसलेले आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ दिला होता. त्यांत तेरा ते सोळा वर्षांची मुले, अठरा ते बावीसचे तरुण आणि चोवीसच्या पुढचे प्रौढ असे तीन गट होते. पिवळा दिवा लागल्यावर थांबायचे की आणखी थोडे पुढे जाऊन जास्त गुण मिळवायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे होते. काहींनी हा खेळ एकट्याने खेळला आणि काहींनी बरोबरीचे दोघे शेजारी असताना. सोबतीमुळे प्रौढांच्या खेळण्यात फरक पडला नाही, तरुणांचे धोका पत्करणे सुमारे दीडपट झाले आणि किशोरांचे दुप्पट. एकट्याने खेळलेले किशोर मात्र प्रौढांहून फारसे बेदरकार नव्हते. पुढे २०११ सालच्या एका अभ्यासात मुलांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात ठेवून असाच खेळ दिला गेला. या वेळी मित्र शेजारच्या खोलीत होते आणि ते आपला खेळ पडद्यावर पाहत आहेत एवढेच मुलांना ठाऊक होते. तेवढ्यानेही किशोरांच्या मेंदूतले बक्षिसाशी निगडित भाग अधिक उद्दीपित झाले. मित्राने बोलण्याचीही गरज नसते, त्याने पाहणे पुरते.

आता त्या पाहणाऱ्याच्या हातात मोबाईल असतो. भिंतीखालचे चौघे त्या संध्याकाळी चारशे झाले असतील. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली तेरा ते अठरा वर्षांच्या ३२ मुलांना छायाचित्रे दाखवली आणि त्यांखालचा पसंतीचा आकडा स्वतःच कमीजास्त केला. छायाचित्र तेच असले तरी पसंती जास्त दिसली की मुलेही ते अधिक पसंत करत. सिगारेट किंवा दारूसारख्या धोकादायक गोष्टींची छायाचित्रे पाहताना मात्र मुलांच्या मेंदूतल्या आवर घालणाऱ्या भागांची हालचाल मंदावलेली दिसली. बत्तीस मुलांवरून जगाचा निकाल लावू नये, हे खरे. पण आपल्या घरातला किशोर छायाचित्राखाली 'योलो' लिहून पाठवतो, तेव्हा तो शब्द छायाचित्राचे वर्णन करत नसतो. त्याच्याकडे कसे पाहायचे याची सूचना तो आधीच देऊन ठेवतो: येथे शहाणपण शिकवायचे नाही, हसायचे आणि पसंती द्यायची.

२०१२ साली अमेरिकेत पाच तरुण एका मोटार अपघातात मरण पावले. त्यांतल्या एकाने थोड्याच वेळापूर्वी दारूच्या नशेत सुसाट चाललेल्या त्या प्रवासाबद्दल ट्विटरवर लिहिताना हाच शब्द वापरला होता. शब्दानेच त्यांचा बळी घेतला, अशा थाटाच्या चर्चा त्यानंतर झाल्या. मला हे मान्य नाही. दारू आणि वेग यांनी तो अपघात केला, आणि हा शब्द नसता तरी गाडी तेवढ्याच वेगाने गेली असती, असे मानायला जागा आहे. त्या घटनेतून शब्दाबद्दल कळते ते वेगळेच. धोका आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते, नाहीतर तो शब्द सुचला नसता. भीती नसते तेथे कोणी 'योलो' म्हणत नाही. पायऱ्या उतरताना हा शब्द कोणाच्या तोंडून येत नाही, तो आठ फुटांच्या भिंतीवरच येतो. म्हणजे मुलांना धोका कळत नाही, हे आपले आवडते गृहीतकच डळमळीत आहे. त्यांना धोका कळतो. कळल्यावर माघार घेण्याची वाट मात्र त्यांना सापडत नाही.

येथे एक आक्षेप घ्यायलाच हवा, कारण तो खरा आहे. मुले हा शब्द बहुतेक वेळा गमतीने वापरतात. गृहपाठ अर्धवट सोडून झोपणारी मुलगी 'योलो' म्हणते तेव्हा ती स्वतःचीच थट्टा करत असते, आणि शब्द लोकप्रिय झाल्यापासून वर्ष-दोन वर्षांतच त्याची टिंगल करण्यात मुलेच पुढे होती. अशा थट्टेला गंभीर चेहऱ्याने सामोरे जाणाऱ्या पालकाइतके केविलवाणे दृश्य दुसरे नाही. पण शब्द थट्टेने झिजून गुळगुळीत होतो म्हणूनच तो नको तेथे सहज निसटतो. शंभर वेळा हसण्यावारी गेलेला शब्द एकशेएकाव्या वेळी कोणी गंभीरपणे घेतला, हे शेजारी उभे असलेल्यांना कळतच नाही.

आणि गंभीरपणे घेणारी मुले असतात. अमेरिकेतल्या वीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या माहितीवर आधारलेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे पंधरा टक्के मुलांनी आपण पस्तिशी गाठण्याची शक्यता फार तर निम्मी असल्याचे सांगितले होते. अशी समजूत असलेल्या मुलांमध्ये पुढच्या काळात अमली पदार्थ, मारामाऱ्या आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण अधिक आढळले. किशोरांना आपण अमर आहोत असे वाटते म्हणून ती धोका पत्करतात, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. या मुलांचे अगदी उलट होते. आयुष्य हातून निसटणारच आहे, मग सांभाळायचे काय, असा त्यांचा हिशेब होता. एका मुलासाठी जो शब्द सुट्टीतला चावटपणा असतो, तोच दुसऱ्यासाठी निराशेला मिळालेले लाडके नाव असू शकते. दोघेही तो सारख्याच हसऱ्या चेहऱ्याने उच्चारतात. म्हणून शब्दावर सरसकट बंदी घालण्यातला सर्वांत मोठा तोटा असा, की ऐकून सावध होण्याची ती एक खूणही आपण गमावतो.

मोठ्यांनी आजवर काय केले? बंदी घातली, भाषणे दिली किंवा शब्दच उचलला. अमेरिकेत १९८० च्या दशकात अध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी अमली पदार्थांविरुद्ध 'सरळ नाही म्हणा' हे घोषवाक्य देशभर नेले. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला डेअर हा व्यसनविरोधी कार्यक्रम तर पोलिसांना थेट वर्गात घेऊन गेला. पुढे त्या कार्यक्रमाच्या मूळ अभ्यासक्रमाची पुनःपुन्हा तपासणी झाली तेव्हा मुलांच्या व्यसनांवर त्याचा टिकाऊ परिणाम फारसा आढळला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. 'नाही म्हणा' हे वाक्य मोठ्यांच्या देखत, दिव्याच्या उजेडात, रांगेत बसून पाठ केलेले असते. प्रत्यक्षात नाही म्हणण्याची वेळ येते तेव्हा मोठे कोणी नसते, समोर चार दोस्त असतात आणि पाठ केलेले वाक्य त्यांच्यात शाळेचा गणवेश घालून गेल्यासारखे दिसते. शब्द उचलण्याची तऱ्हा याहून निरुपद्रवी आणि निरुपयोगी. २०१५ साली अध्यक्ष बराक ओबामा यांनी आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी केलेल्या एका गमतीदार चित्रफितीत 'योलो' म्हणून घेतले. विमा म्हणजे उद्याची काळजी, त्यामुळे विनोद चांगला जमला, पण मोठ्यांच्या तोंडी गेलेला परवलीचा शब्द त्याच दिवशी परवलीचा राहत नाही आणि मुले नवा शोधतात. दरम्यान कपड्यांपासून सहलींपर्यंत सगळे काही 'आयुष्य एकदाच मिळते' असे सांगत विकणारे प्रौढच असतात, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

जेथे उपाय लागू पडला, तेथे तो भिंतीखालच्या चौघांपर्यंत पोहोचला होता. १९८८ साली हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने दूरचित्रवाणी मालिकांच्या लेखकांना गाठून एक साधी कल्पना त्यांच्या संवादांत पेरायला लावली: मित्रांनी बाहेर पडण्यापूर्वीच एकाला 'आजचा चालक' नेमायचे, तो दारू पिणार नाही. या योजनेचे मर्म असे, की न पिणाऱ्याला आता भित्रेपणाचा खुलासा करावा लागत नाही, कारण त्याला एक पद मिळालेले असते. न्यूझीलंडच्या वाहतूक यंत्रणेने २०११ साली याच्याही पुढे जाऊन एक जाहिरात केली. पार्टीत प्यालेला मित्र गाडीची किल्ली उचलतो आणि दुसरा मुलगा मनातल्या मनात चाचरतो, की अडवले तर आपण मूर्ख ठरू आणि नाही अडवले तर हा मरेल आणि भूत होऊन आपल्याला तळलेले बटाट्याचे काप देऊ करेल, जे आपल्याला घेताही येणार नाहीत. शेवटी तो त्याला आजची रात्र येथेच राहा म्हणून सांगतो. त्या जाहिरातीतली भुताच्या बटाट्यांची ओळ देशभर मुलांच्या तोंडी बसली. तिच्यात उपदेशाचा लवलेश नव्हता. तिने मित्राला अडवण्यासाठी लागणारे, हसे होऊ न देणारे एक वाक्य मुलांच्या खिशात टाकले.

कायदाही येथून शिकू शकतो आणि काही ठिकाणी शिकलाही आहे. न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने मिळणारा वाहन परवाना आणला. तशाच धर्तीवर अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नवशिक्या किशोराला सुरुवातीचे काही महिने समवयस्क मित्रांना गाडीत बसवण्यावर मर्यादा असते. हा नियम मला अतिशय समंजस वाटतो, कारण तो मुलाच्या अकलेवर शंका घेत नाही आणि त्याच्या बोलण्यावरही पहारा ठेवत नाही. तो फक्त मागच्या आसनावरचे प्रेक्षक कमी करतो. वर घरी सोडायला नकार द्यायचा असेल, तर 'मला परवानगीच नाही' ही मानाची सबबही हाती देतो.

भिंतीची ती उडी पाहिल्यानंतर काही दिवसांनी मी नववीच्या एका वर्गाला एक काम दिले. मित्र काहीतरी धोक्याचे करायच्या बेतात आहे आणि बाकीचे त्याला चढवत आहेत, अशा वेळी तुम्ही काय म्हणाल ते एका ओळीत, नाव न घालता लिहा. पहिल्या फेरीत आलेल्या चिठ्ठ्या माझ्यासाठी लिहिलेल्या होत्या: 'जीवन अमूल्य आहे', 'आईवडिलांचा विचार कर'. मी त्या वाचून दाखवल्या आणि विचारले, की हे वाक्य मित्रांसमोर खरोखर म्हणाल का? वर्ग खो खो हसला. मग दुसऱ्यांदा लिहायला सांगितले. 'अरे उतर, माझ्या मोबाईलची बॅटरी संपली, शूटिंगच होणार नाही.' 'चल, मला उलटी होतेय.' 'तू पडलास तर उद्याच्या मॅचला कीपर कोण?' एकाने लिहिले होते, 'मी पण चढतो, मग दोघं सोबत खाली उतरू.' ही शेवटची चिठ्ठी वाचली तेव्हा मात्र कोणी हसले नाही, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ती परत वाचायला सांगितली.